अमेरिकेतील स्की-क्षेत्रांचा संघ : स्थापना, वाटचाल आणि लोकसंग्रह

पूर्वपीठिका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्की-क्षेत्रांच्या मालक-चालकांची ‘नॅशनल स्की एरियाज असोसिएशन’ ही मध्यवर्ती संस्था १९६२ साली स्थापन झाली व तिचे पहिले कार्यालय न्यूयॉर्क शहरात होते, एवढे लिहिले म्हणजे संस्थेच्या जन्माची नोंद पुरी होते. परंतु ज्या तीन दशकांच्या खटाटोपातून, अपघातांतून आणि एका महायुद्धातून या संस्थेची गरज निर्माण झाली, त्यांचा आढावा घेतल्यावाचून तिच्या पुढील कार्याचे मर्म ध्यानात यावयाचे नाही. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत स्की ही हिवाळ्यातील येण्याजाण्याची जुनी रीत होती, आणि तिकडून स्थलांतर करून आलेल्या लोकांनी ती अमेरिकेत आणली. कोलोरॅडोतील स्टीमबोट स्प्रिंग्ज या लहानशा गावात कार्ल हॉवेल्सन या नॉर्वेजियन गवंड्याने १९१४ साली हिवाळी जत्रा भरवून गावकऱ्यांना या खेळाची गोडी लावली व पुढच्याच वर्षी गावाशेजारच्या टेकडीवर स्कीची उडी मारण्याची जागा सिद्ध केली. ती टेकडी आज त्याच्याच नावाने ओळखली जाते, गावाच्या नगरपालिकेच्या मालकीची आहे, आणि उत्तर अमेरिका खंडात अखंड चालत आलेल्या स्की-क्षेत्रांत सर्वांत जुनी मानली जाते.

या खेळातील मोठी अडचण अशी की, घटकाभराच्या उतरण्यासाठी तासभर चढावे लागे. १९३४ साली व्हरमाँट राज्यातील वुडस्टॉक येथे एका शेतकऱ्याच्या कुरणावर फोर्ड गाडीच्या इंजिनाला लांबलचक दोर जोडून तो चाकांवरून फिरता ठेवण्यात आला, आणि त्या दोराला धरून माणसे वर ओढली जाऊ लागली. त्यानंतर दोनच वर्षांनी, युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन यांनी आयडाहो राज्यात सन व्हॅली हे हिवाळी विहारस्थान उभारले, तेव्हा रेल्वेचे अभियंते जेम्स करन यांनी तेथे जगातील पहिला खुर्ची-पाळणा बसविला. करन यांनी पूर्वी जहाजांत केळीचे घड चढविणाऱ्या यंत्रावर काम केले होते. त्या यंत्रातील आकड्यांच्या जागी खुर्च्या टांगल्या तर घडांप्रमाणे माणसेही वर नेता येतील, ही त्यांची कल्पना. १९५० च्या सुमारास कनेक्टिकट राज्यात वेन पियर्स व त्यांचे सहकारी यांनी दाबाखालची हवा आणि पाणी एकाच तोटीतून थंड वातावरणात फवारून कृत्रिम हिम तयार करण्याची युक्ती शोधली, आणि निसर्गाची मर्जी राखून चालणारा हा व्यवसाय निदान काही अंशी आपल्या पायांवर उभा राहिला.

यंत्रांबरोबर माणसेही घडत होती. १९३६ च्या प्रारंभी न्यूयॉर्कचे विमा-व्यावसायिक चार्ल्स मायनट डोल हे व्हरमाँटमधील स्टो येथे स्की करताना पडले व त्यांचा घोटा मोडला. उतारावर मदतीची काहीच तजवीज नसल्यामुळे त्यांच्या मित्राने छपराचा एक पत्रा पैदा केला आणि त्यावर त्यांना निजवून खाली ओढीत आणले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तोच मित्र, फ्रँक एडसन, एका शर्यतीत झाडावर आदळून मरण पावला. या दोन आघातांतून डोल यांच्या मनाने घेतले की, उतारावर पडलेल्या माणसाला उचलणारे कोणीतरी असलेच पाहिजे; आणि १९३८ साली ‘नॅशनल स्की पेट्रोल’ हे स्वयंसेवकांचे गस्तीदल उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या दहाव्या पर्वतीय तुकडीसाठी माणसे निवडण्याचे काम याच दलाकडे सोपविण्यात आले. इटलीच्या डोंगरांतून परतलेले त्या तुकडीचे सैनिक पुढे स्की-शिक्षक, गस्तीवाले आणि क्षेत्रांचे संस्थापक झाले. फ्रीडल फायफर यांनी ॲस्पेनचे उतार जगापुढे आणले, आणि इटलीत गंभीर जखमी झालेले पीट सायबर्ट यांनी अर्ल ईटन यांच्या साथीने कोलोरॅडोतील व्हेल उभारले. व्हेलचे पाळणे १५ डिसेंबर १९६२ रोजी सुरू झाले, म्हणजे ज्या वर्षी संघ जन्मास आला त्याच वर्षी.

स्थापना आणि प्रारंभीचे कार्य

अशा रीतीने १९६० पर्यंत या व्यवसायाचा पसारा पूर्वेच्या शेतकऱ्याच्या कुरणापासून पश्चिमेच्या गगनचुंबी शिखरांपर्यंत पोचला होता. १९६० साली कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकने घरोघरी या खेळाचे कुतूहल उत्पन्न केले होते. पण क्षेत्रे मात्र विखुरलेली, आपापल्या खोऱ्यांत एकाकी आणि गिऱ्हाइकांसाठी एकमेकांशी चढाओढ करणारी होती. एका क्षेत्रात पाळण्याची तार कशी तपासावी याचे जे ज्ञान अनुभवाने आलेले असे, ते शेजारच्या खोऱ्यात पोचण्याचा राजमार्ग नव्हता. विमा कंपन्यांशी, राज्यांच्या विधिमंडळांशी आणि वनखात्याशी बोलणी करावयाची तर प्रत्येकाने आपापल्या परीने अर्जविनंत्या कराव्यात, अशी अवस्था होती. ही उणीव भरून काढणे हे संघाच्या स्थापनेचे तात्कालिक प्रयोजन होय.

परंतु संघाच्या पहिल्या दशकातील सर्वांत टिकाऊ कार्य व्यापारी स्वरूपाचे नव्हते. एका क्षेत्रातील अपघाताची बातमी सर्व क्षेत्रांच्या नावाला बट्टा लावते आणि पाणवठा गढूळ झाला म्हणजे तो सगळ्याच गावाला गढूळ होतो, हे ओळखून उतारावर वागण्याची एक सर्वमान्य आचारसंहिता असावी असा विचार पुढे आला, आणि १९६६ साली स्कीपटूंच्या जबाबदारीची संहिता सिद्ध झाली. तीत कायद्याची क्लिष्ट भाषा नाही. नेहमी ताबा राखून उतरावे. खाली असणाऱ्याचा मार्गावर पहिला हक्क मानावा. वरून दिसणार नाही अशा जागी थांबू नये. निघताना वर पाहून निघावे. बंद केलेल्या वाटेवर जाऊ नये, अशी तिची साधी कलमे. ज्याला समोरचा दिसतो त्याने, ज्याला मागचा दिसत नाही त्याची काळजी घ्यावी, हे या संहितेच्या मुळाशी असलेले तत्त्व होय. अनेक वर्षे सात कलमांची असलेली ही संहिता २०२२ साली दहा कलमांची करण्यात आली, आणि मद्य किंवा मादक पदार्थांच्या अंमलाखाली उतारावर न येणे व टक्कर झाल्यास आपले नाव-पत्ता देऊनच पुढे जाणे, या गोष्टी तीत स्पष्टपणे आल्या. देशभरच्या पाळण्यांच्या खांबांवर, तिकिटांवर आणि नकाशांवर हीच संहिता छापलेली आढळते. प्रतिस्पर्ध्यांनी मिळून एकाच शब्दांत लोकांशी बोलावे, हे या संघाच्या अस्तित्वाचे सर्वांत बोलके प्रमाण आहे.

अपघात, न्यायालये आणि जबाबदारीची जाणीव

सत्तरीचे दशक संघाच्या कसोटीचे ठरले. रज्जुमार्गांच्या बांधणीसंबंधीचे राष्ट्रीय मानक १९६० सालीच निघाले होते, आणि कोलोरॅडो राज्याने १९६५ मध्ये पाळण्यांच्या तपासणीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले होते. तरीसुद्धा २६ मार्च १९७६ रोजी व्हेल येथे रज्जुमार्गाचे डबे कोसळून चार जण मृत्युमुखी पडले, आणि १९७८ च्या एप्रिलमध्ये स्क्वॉ व्हॅली येथे तार निसटून तशाच दुर्घटनेत आणखी चार जण दगावले. मानक कागदावर असणे आणि तारेच्या प्रत्येक पेडावर डोळा असणे यांतील अंतर किती जीवघेणे असते, हे या दोन दुर्घटनांनी दाखवून दिले. आणि तपासणीचे काम हे हंगामापुरते नसून बारमाही आहे, पाळणा चालविणारा नोकर हा मजूर नसून प्रवाशांच्या जिवाचा रखवालदार आहे व त्याला तसे रीतसर शिक्षण दिले पाहिजे, ही समजूत या व्यवसायात हळूहळू दृढ झाली.

त्याच सुमारास न्यायालयांचे धोरणही पालटले. १९५१ साली व्हरमाँटमधील एका संघीय न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, स्की करणारा माणूस त्या खेळातील अंगभूत धोके स्वीकारूनच उतारावर येतो. पाव शतकानंतर त्याच राज्यात एक नवशिका तरुण नवशिक्यांसाठी राखलेल्या वाटेवर हिमात दडलेल्या झुडपाला अडकून पडला, त्याचे हातपाय कायमचे लुळे झाले, आणि त्याच्या फिर्यादीत पंचांनी १५ लक्ष डॉलर नुकसानभरपाईचा हुकूम दिला. १९७८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. वाट आम्ही गुळगुळीत करून दिली आहे, अशी जाहिरात करणाऱ्याला त्या वाटेवरील झुडपाची जबाबदारी झटकता येत नाही, हा त्या निकालाचा आशय होता. विम्याचे हप्ते भडकले, क्षेत्रे हवालदिल झाली, आणि व्हरमाँटने त्याच वर्षी तर कोलोरॅडोने १९७९ साली अंगभूत धोके व चालकांची कर्तव्ये यांची वाटणी करणारे कायदे केले. या कायद्यांनी चालकांना संरक्षण दिले हे खरे. पण त्याबरोबर वाटांच्या सीमा दाखविणे, कठीणपणाची चिन्हे लावणे, हिम दाबणाऱ्या यंत्रांवर दिवे ठेवणे यांसारखी कर्तव्येही त्यांच्या माथी मारली. हक्क आणि कर्तव्य एकाच कलमाच्या दोन बाजू होत, हा धडा संघाने या काळात घेतला.

त्या धड्याचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण पुढच्या शतकातले आहे. २०१० च्या नाताळच्या आदल्या दिवशी वायोमिंग राज्यात पाच वर्षांची एक मुलगी आपल्या आईबरोबर उतरत असता वरून भरधाव आलेल्या माणसाने तिला धडक दिली. ती मुलगी आणि तो माणूस दोघेही प्राणास मुकले. तिच्या मातापित्यांनी आपले दुःख घरात कोंडून ठेवले नाही. संघाने त्यांच्याबरोबर काम करून, सिद्ध राहा, सावध राहा आणि पुढचा विचार करा, अशा तीन सूचनांवर आधारलेली एक मोहीम हाती घेतली. ताबा राखा असे म्हटले तर प्रत्येकाला आपण ताबा राखलाच आहे असे वाटते. म्हणून खाली असलेल्या माणसापासून पुरेसे अंतर सोडून जा, चढ-उताराच्या माथ्यावर वेग कमी करा, असे नेमके शब्द त्यांनी शोधले. शिरस्त्राणाच्या बाबतीतही हेच घडले. २००२–०३ च्या हंगामात संघाच्या पाहणीप्रमाणे शंभरांतील पंचवीस जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण असे; पुढे दीड दशकात हे प्रमाण ऐंशीच्या वर गेले, आणि तेही बहुतांशी कायद्याच्या सक्तीवाचून, शिक्षकांच्या, गस्तीवाल्यांच्या आणि पालकांच्या सततच्या सांगण्याने.

वनभूमी : सरकार आणि संघ

या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे की, पश्चिमेकडील बहुतेक मोठी क्षेत्रे खासगी भूमीवर नाहीत. सुमारे १२० स्की-क्षेत्रे राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर वसलेली आहेत; अर्थात डोंगर प्रजेचा, त्याची देखरेख कृषिखात्याच्या अंतर्गत असलेल्या वनसेवेकडे, आणि वापराचा परवाना तेवढा चालकाकडे. १९१५ च्या कायद्याप्रमाणे मुदतीचा परवाना ऐंशी एकरांच्या वर देता येत नसे. त्यामुळे इमारती व पाळण्यांचे तळ मुदतीच्या परवान्यावर, आणि ज्या उतारांसाठी लोक येत ते उतार मात्र केव्हाही रद्द होऊ शकणाऱ्या वार्षिक परवान्यावर, असा विचित्र व्यवहार कित्येक वर्षे चालत आला. अशा अस्थिर पायावर कर्ज देण्यास सावकार कचरत. संघाच्या पाठपुराव्यानंतर १९८६ साली राष्ट्रीय वनांतील स्की-क्षेत्रांच्या परवान्यांचा स्वतंत्र कायदा झाला आणि संपूर्ण क्षेत्रासाठी चाळीस वर्षांपर्यंतचा एकच परवाना देण्याची तरतूद झाली. पुढे २०११ च्या कायद्याने उन्हाळ्यातही त्या भूमीवर सायकलमार्ग व तारेवरून घसरण्याचे खेळ यांसारखे उपक्रम करण्यास मुभा मिळाली, आणि चार महिन्यांच्या नोकरीवर कसाबसा संसार चालविणाऱ्या डोंगरी गावांतील कुटुंबांना बारमाही कामाची आशा उत्पन्न झाली.

या प्रकरणाचा उल्लेख येथे विस्ताराने करण्याचे कारण एवढेच की, संघाच्या सामाजिक कर्तव्याचा नैतिक आधार याच परवान्यात आहे. जो डोंगर सर्वांचा आहे तो भाड्याने घेऊन त्याच्यावर व्यवसाय करणारा तिकीट काढणाऱ्याइतकेच तिकीट न काढणाऱ्याचेही देणे लागतो, असे मानणारी माणसे संघात प्रथमपासून होती. आणि संघाच्या इतिहासातील जे जे उजळ आहे ते त्या माणसांच्या हातून घडले.

स्थित्यंतरे

१९८९ साली संघाचे स्की-सामग्रीच्या उत्पादकांच्या संस्थेशी विलीनीकरण होऊन कार्यालय व्हर्जिनिया राज्यातील मक्लीन येथे गेले. परंतु दोन्ही व्यवसायांच्या गरजा भिन्न असल्याचे दिसून आल्यावर १९९२ मध्ये दोघे पुन्हा स्वतंत्र झाले व संघाचे दप्तर कोलोरॅडोतील लेकवुड येथे आले. तेथे मायकेल बेरी यांनी अध्यक्ष म्हणून सुमारे पाव शतक धुरा वाहिली. २०१८ च्या आरंभी त्यांच्या जागी केली पॉलक आल्या. व्हरमाँटमधील माउंट स्नो या क्षेत्राचा कारभार त्यांनी पाहिलेला असल्यामुळे पाळण्याच्या तळापासून हिशेबाच्या टेबलापर्यंतचा अनुभव त्यांच्या गाठी होता.

या सर्व काळात संघाने एक काम नेमाने केले, ते म्हणजे मोजदादीचे. १९७८–७९ पासून प्रत्येक हंगामाच्या अखेरीस देशभरच्या क्षेत्रांतील भेटींची गणना होत आली आहे. २०२२–२३ च्या हंगामात ती सुमारे ६ कोटी ५४ लक्षांवर गेली. हा तोवरचा उच्चांक होय. परंतु त्याच दप्तरात दुसराही एक आकडा आहे आणि तो चिंता उत्पन्न करणारा आहे : १९८२–८३ मध्ये देशात ७३५ स्की-क्षेत्रे चालू होती, ती घटून पुढे पाचशेच्याही खाली आली. जी बंद पडली ती बहुतेक लहान, गावाशेजारची, एक-दोन दोरांची, जेथे शाळा सुटल्यावर मुले दप्तर टाकून धावत असत. भेटी वाढल्या आणि क्षेत्रे घटली, म्हणजे खेळ दूरच्या मोठ्या ठिकाणी एकवटला. २००० च्या सुमारास संघाने काढलेल्या एका निष्कर्षाने ही चिंता अधिकच गडद केली : प्रथमच उतारावर येणाऱ्या शंभर जणांपैकी जेमतेम पंधराच पुढे या खेळात टिकून राहत. तेव्हापासून नवशिक्याचे स्वागत कसे करावे, त्याला भाड्याचे बूट बिनचूक मापाचे कसे द्यावेत, पहिल्याच दिवशी त्याची भीती कशी घालवावी, हा संघाच्या अधिवेशनांतील जिव्हाळ्याचा विषय झाला.

निसर्गाचे ऋण

हिमावर ज्याचे पोट चालते त्याने हिमाची चिंता वाहिली पाहिजे, हे उघड आहे. पण ते उघड सत्य अंगी बाणवायला वेळ लागला. डोंगरावरील वृक्षतोड, हिमयंत्रांसाठी ओढ्यांतून उपसले जाणारे पाणी आणि पायथ्याशी उठणाऱ्या इमारती यांविषयी नव्वदच्या दशकात तीव्र असंतोष माजला होता. २००० साली संघाने ‘सस्टेनेबल स्लोप्स’ ही पर्यावरणविषयक सनद प्रसृत केली आणि दीडशेहून अधिक क्षेत्रांनी तिला मान्यता दिली. पाणी व ऊर्जा यांचा काटकसरीने वापर, वन्य प्राण्यांच्या अधिवासाची जपणूक आणि पाहुण्यांचे प्रबोधन ही तिची अंगे होती.

या सनदेवर टीका झाली, आणि ती नोंदविल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक ठरणार नाही. २००४ साली होर्हे रिव्हेरा आणि पीटर डी लिऑन या अभ्यासकांनी पश्चिमेकडील क्षेत्रांची तपासणी करून असे दाखवून दिले की, सनदेत सामील झालेल्या क्षेत्रांची पर्यावरणविषयक कामगिरी सामील न झालेल्यांपेक्षा सरस नव्हती. कारण बाहेरच्या कोणाकडून तपासणी नाही आणि कसूर केल्यास प्रायश्चित्त नाही. स्वेच्छेने घेतलेल्या व्रताला साक्षीदार लागतो, हा त्या टीकेचा इत्यर्थ. २०११ मध्ये सुरू झालेल्या हवामानविषयक उपक्रमात सहभागी क्षेत्राने आपल्या कर्बवायूंची मोजणी करणे, ते कमी करण्याचे लक्ष्य ठरविणे आणि दरवर्षी त्याचा हिशेब देणे बंधनकारक करण्यात आले. सर्वच सभासद त्यात आले असे नाही. परंतु आश्वासनाकडून हिशेबाकडे जाणारे हे पाऊल योग्य दिशेने पडले, असे निःशंकपणे म्हणता येईल.

लोकसंग्रह

संघाच्या सभासद-क्षेत्रांनी आपापल्या परिसरातील लोकांशी जोडलेले नाते हा या इतिहासातील सर्वांत समृद्ध भाग होय, आणि तो मध्यवर्ती कार्यालयापेक्षा गावोगावच्या उतारांवर अधिक घडला.

१९७० साली कोलोरॅडोतील विंटर पार्क येथे डेन्व्हरच्या बालरुग्णालयातून अवयव गमावलेली २३ मुले आली आणि हॅल ओ’लिअरी या शिक्षकाने त्यांना शिकविण्याचे पत्करले. एका पायावर उतरणाऱ्या मुलाच्या दोन्ही हातांत कुबड्या, आणि कुबड्यांच्या टोकांना आखूड स्की, अशी योजना. म्हणजे हिमावर तीन रेघा उमटत जातात आणि जमिनीवर लंगडत चालणारे मूल उतारावर सरळ, वेगाने आणि आपल्याच तोलावर जाते. त्या एका हिवाळ्यातून अपंगांच्या क्रीडाशिक्षणाचे एक राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. पुढे देशभरच्या क्षेत्रांत दृष्टिहीनांसाठी, चाकांच्या खुर्चीवरील माणसांसाठी आणि युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी वर्ग निघाले.

व्हरमाँटमधील रिचमंड येथे कॉक्रन दांपत्याने १९६१ साली घरामागच्या टेकडीवर एक दोर बसविला, तो प्रथम आपल्या चार मुलांसाठी आणि लवकरच साऱ्या गावाच्या मुलांसाठी. चारही मुले देशाच्या संघात निवडली गेली, आणि त्यांतील बार्बरा ॲन हिने १९७२ च्या सप्पोरो ऑलिंपिकमध्ये सेकंदाच्या दोन शतांश इतक्या फरकाने सुवर्णपदक मिळविले. १९९८ साली हे क्षेत्र विनानफ्याची सार्वजनिक संस्था झाले. पैशाअभावी कोणत्याही मुलाला येथून परत जावे लागू नये, हा तिचा बाणा आहे. त्याच राज्यातील मॅड रिव्हर ग्लेन हे क्षेत्र १९९५ मध्ये तेथे येणाऱ्या स्कीपटूंनीच सहकारी तत्त्वावर विकत घेतले. ऑरेगनमधील माउंट ॲशलंड बंद पडण्याची वेळ आली असता १९९२ साली लोकांनी वर्गणी जमवून ते वाचविले. आयडाहोतील बॉइझी शहराच्या डोक्यावर असलेल्या बोगस बेसिन या विनानफ्याच्या क्षेत्राने १९९८ साली संपूर्ण हंगामाचा परवाना अवघ्या १९९ डॉलरांना देऊ केला, तेव्हा भोवतालच्या सामान्य कुटुंबांची त्यावर झुंबड उडाली व मोठमोठ्या कंपन्यांनाही आपल्या दरांचा पुनर्विचार करावा लागला. सहकारी चळवळीचे मोल जाणणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकाला या उदाहरणांत परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

यूटा, व्हरमाँट आणि कोलोरॅडो येथील राज्यसंघांनी चौथी ते सहावीच्या आसपासच्या इयत्तांतील शाळकरी मुलांसाठी नाममात्र शुल्कात राज्यातील अनेक क्षेत्रांवर जाण्याचे परवाने काढले. यात हेतू दुहेरी आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही : आजचे मूल उद्याचे गिऱ्हाईक होते हे खरे, पण ज्या मुलाच्या आईबापांना एरवी हा खर्च झेपला नसता त्यालाही आपल्या राज्यातील डोंगराची ओळख होते, हेही तितकेच खरे. ज्यांना या खेळात फार काळ परके मानले गेले, त्यांनी स्वतःच पुढाकार घेतल्याचाही दाखला आहे. १९७३ साली बेन फिनली आणि आर्ट क्ले यांनी देशातील १३ कृष्णवर्णीय स्की-मंडळांना ॲस्पेन येथे एकत्र आणले व त्यातून ‘नॅशनल ब्रदरहुड ऑफ स्कीयर्स’ ही संस्था निर्माण झाली. उतारावर सर्वांचे स्वागत आहे असे फलकावर लिहिणे सोपे; येणाऱ्याला ते खरे वाटेल असे वागणे कठीण, हे त्या मेळाव्यांनी स्की-क्षेत्रांना शिकविले.

आणि स्टीमबोट स्प्रिंग्जची हिवाळी जत्रा अजून भरते. तेव्हा नगरपालिकेची वाहने मुख्य रस्त्यावर हिम आणून पसरतात, घोडेस्वार रस्त्यातून दौडतात आणि त्यांच्यामागे दोराला धरून मुले स्कीवर ओढली जातात, शाळेचे वाद्यवृंद पथक स्कीवर उभे राहूनच वाजवीत जाते. ट्राँबोन धरलेला मुलगा तोल सावरीत सूर सांभाळतो, आणि दुतर्फा उभे असलेले आजी-आजोबा आपणही याच पथकात होतो असे नातवंडांना सांगतात. खेळ गावाचा असतो तेव्हा तो असा पिढ्यांतून वाहत येतो.

अलीकडील काळ आणि पुढील कर्तव्य

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे देशभरची क्षेत्रे ऐन हंगामात एकाएकी बंद झाली. पुढील हंगामापूर्वी संघाने सर्व क्षेत्रांसाठी समान नियमावली तयार केली : तोंडावर आच्छादन, रांगेत अंतर, एका पाळण्यात एकत्र आलेलीच माणसे, विश्रांतिगृहांत मर्यादित प्रवेश. घरांत कोंडलेल्या लोकांना उघड्या आकाशाखाली येण्याची वाट त्यामुळे मोकळी राहिली व त्या हंगामात सुमारे ५ कोटी ९० लक्ष भेटींची नोंद झाली. साठ वर्षांपूर्वी एकत्र येण्यात जे शहाणपण होते, त्याची प्रचीती या संकटात आली.

परंतु त्याच काळात एक जुने दुखणे उफाळून आले. शहरांतील संपन्न कुटुंबे डोंगरी गावांत येऊन राहू लागली, घरांच्या किमती व भाडी भडकली, आणि पाळणा चालविणारा, गस्त घालणारा, शाळेत शिकविणारा, बस हाकणारा माणूस गावाबाहेर, खोरे ओलांडून दूर राहावयास गेला. काही क्षेत्रांनी नोकरांसाठी घरे बांधली, काहींनी जुनी विश्रामगृहे विकत घेऊन त्यांची वसतिगृहे केली. पण गरजेच्या मानाने हे प्रयत्न अपुरे आहेत. ज्या गावात तेथील कामकऱ्याला राहता येत नाही, त्या गावाचा उत्सव पाहुण्यांसाठी केलेला देखावा ठरतो.

म्हणून संघाच्या पुढील वाटचालीविषयी आदरपूर्वक एक सूचना करावीशी वाटते. हंगामाच्या अखेरीस भेटींची जी मोजदाद इतक्या निष्ठेने होते, तिच्याच शेजारी आणखी काही रकाने घालावेत : किती क्षेत्रांनी परिसरातील शाळांची मुले विनामूल्य शिकविली, किती कामकरी आपल्या कामाच्या गावातच राहू शकले, किती अपंग व्यक्ती उतारावर आल्या, आणि गावाशेजारची किती लहान क्षेत्रे त्या वर्षी बंद पडण्यापासून वाचली. जे मोजले जाते त्याची निगा राखली जाते, हे रज्जुमार्गांच्या तपासणीने, शिरस्त्राणांच्या पाहणीने आणि कर्बवायूंच्या हिशेबाने या व्यवसायाला शिकविलेच आहे. सर्वांच्या मालकीच्या डोंगरावर परवाना घेऊन बसलेल्या सभासदांनी हा हिशेब दरवर्षी जाहीरपणे लोकांपुढे ठेवला, तर ज्या विश्वासाने प्रजेने त्यांना तो डोंगर सोपविला, त्या विश्वासाला ते पात्र ठरतील. आणि संघाचा यापुढील इतिहास लिहिणाऱ्याला केवळ वाढत्या आकड्यांचा नव्हे, तर वाढत्या दायित्वाचा वृत्तान्त लिहिता येईल.